चाळीस रकान्यांत न मावलेलं

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, दैनिकाच्या निधनवार्ता विभागातून निवृत्त, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. ते नेहमीच होतं. त्याचाच लोकांना त्रास झाला. मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून गळही घातलेली नाही. गोड बोलणारे माझ्याकडे फिरकत नाहीत. प्रकृती बरी असल्याचा दाखला वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर देणार आहेत. दातांच्या डॉक्टरांचा दाखला चालतो का, असं मी वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "चालेल काकू. तुमचं तोंड त्यांनी जवळून पाहिलंय." मुलगी तिशीचीही नाही, पण हुशार आहे.

यापूर्वी केलेली तीन मृत्युपत्रं मी रद्द करते. तिन्ही रागात केली होती. हेही रागातच लिहिते आहे, पण तो राग नेमका कोणावर आहे हे या वेळी शोधायचं आहे.

आज सोमवार. गुरुवारी दुपारी चार वाजता सह्या व्हायच्या आहेत. त्या वेळी हजर राहा, असं पत्र मी माझ्या धाकट्या बहिणीला पाठवलं आहे. एकोणीस वर्षं आम्ही एकमेकींशी बोललेलो नाही. ती आली तर माझ्या टेबलावरची पत्र्याची पेटी तिच्या हातात द्यायची आहे. नाही आली तर मी गेल्यावर वकीलबाईंनी ती पोचवावी, पण तसं झालेलं मला नको आहे. पेटीत काय आहे ते पुढे येईल.

कलम १. घर.

तिसऱ्या मजल्यावरचं हे घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या कमाईचं आहे. वडिलोपार्जित यात काही नाही, हे भावाने ध्यानात ठेवावं. माझ्यामागे निम्मं घर माझ्या भाच्याला, म्हणजे दादाच्या मुलाला, आणि निम्मं धाकटीला मिळावं.

राहणाऱ्यासाठी सूचना. न्हाणीघराचा नळ डावीकडे बंद होतो, सगळ्या जगाच्या उलट. स्वयंपाकघरातली खिडकी उघडायचा प्रयत्न करू नये, ती रंगाने चिकटली आहे आणि रंग लावणारा पळाला आहे. खाली गाड्यांचं गॅरेज आहे. तिथला मिस्त्री सकाळी आठच्या ठोक्याला पत्रा ठोकायला लागतो. त्याच्याशी भांडू नये. मी अकरा वर्षं भांडले. मग एके दिवशी तो वर आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, ठोकल्याशिवाय सरळ कसं करायचं ते तुम्ही सांगा, मी तसं करतो." मी दार लावून घेतलं.

(इथे उठले. जिन्यात पावलं वाजली होती. वीज मंडळाचा माणूस निघाला.)

कलम २. शिल्लक.

बँकेत जे असेल त्यातून माझ्या शेवटच्या आजारपणाचा आणि अंत्यविधीचा खर्च भागवावा. अंत्यविधी साधा. भाषणं नकोत. उरेल ते वाचनालयाला, एका अटीवर: त्यातून फक्त खुर्च्या घ्याव्यात. सध्याच्या खुर्च्यांवर बसून माणूस फार तर वर्तमानपत्र वाचू शकतो. खुर्च्यांवर माझं नाव घालू नये. लोक त्यावर बसणार आहेत.

कलम ३. आठवणी.

पेटीत दोनशे बारा अर्ज आहेत. ते काय आहेत ते सांगायला हवं, नाहीतर भाचा ते रद्दीत तरी घालेल किंवा त्यांचं पुस्तक तरी करील. दोन्हींत मला फारसा फरक दिसत नाही.

आमच्या विभागात निधनवार्तेचा छापील अर्ज असे. त्यावर चाळीस रकाने, आठाच्या पाच ओळी. एका रकान्यात एक शब्द. चाळिसावा भरला की माणूस संपला. लोक रडत यायचे आणि रकाने बघून रडायचे थांबायचे, कारण आता कामाला लागावं लागे: 'प्रेमळ' ठेवायचं की 'मनमिळाऊ'? दोन्ही कशाला, असं मी विचारायची. एक मुलगा म्हणाला होता, "बाई, दोन्ही नव्हते हो ते, पण काहीतरी लिहायला हवं ना." त्याच्या वडिलांना मी 'वक्तशीर' केलं. तो समाधानाने गेला.

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची आयुष्यं अशी बसवली. कचेरीत मला कात्रीबाई म्हणत, तोंडावर आणि मागे, दोन्हीकडे. विभागात संगणक आला तेव्हा कोऱ्या अर्जांचे गठ्ठे रद्दीत चालले होते, ते मी घरी आणले. निवृत्त झाल्यावर दुसरं कोणी मरायला हाताशी नव्हतं, म्हणून स्वतःचं लिहायला घेतलं. नियम तोच. एका अर्जावर एक आठवण, चाळीस शब्दांच्या आत.

नमुन्यादाखल अर्ज क्रमांक ७:

'शाळेचा पहिला दिवस. मदरनी नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी दुसरंच लिहिलं. घरी येऊन आईला म्हटलं, उद्यापासून वेगळीच मुलगी शाळेत जाणार आहे. आई म्हणाली, तिलाही डबा लागेल ना?'

आणि क्रमांक ३१:

'लग्नासाठी भेटायला आलेल्या गृहस्थांनी विचारलं, वाचनाची आवड आहे का. म्हटलं, निधनवार्ता वाचते, रोज पन्नास. त्यांनी चहा अर्धा टाकला. अठ्ठावीस वर्षांनी त्यांची वार्ता माझ्याच टेबलावर आली. एक विशेषण जास्त होतं. काढलं.'

वाचनालयात आठवणी लिहायला शिकवण्याचा एक वर्ग चालतो. तो चालवणाऱ्या बाईंना मी काहीही ठेवत नाही. क्रमांक ७ मी त्या वर्गात वाचला, तेव्हा त्या मान तिरकी करून म्हणाल्या, "छान आहे, पण यात भावना कुठे आहेत? आणि शेवटी वाचकाच्या हाती काहीतरी द्या." मी म्हटलं, डबा दिलाय की. त्या हसल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी माझाच मजकूर चारशे शब्दांचा करून भिंतीवर लावला. त्यात आईचे डोळे पाणावले होते. माझ्या आईचे डोळे फक्त कांद्याने पाणावायचे. मी तो कागद भिंतीवरून काढला आणि टाचण्या परत दिल्या.

हे लिहायला मला शिकवलं ते शाळेतल्या मदरनी. उतारा द्यायच्या, त्याचा एक तृतीयांश करायचा. एक शब्द जास्त झाला की बोटांवर एक पट्टी. माझं अक्षर आणि माझा स्वभाव, दोन्ही त्या पट्टीने घडवलं आहे. ज्यांना स्वभावाबद्दल तक्रार असेल त्यांनी तिकडे जावं. पण मदर वारल्या, आणि त्यांची वार्ता मी अठरा शब्दांत केली.

भाचा चांगला मुलगा आहे, फक्त उत्साही आहे. त्याने दहाबारा अर्ज वाचले आणि म्हणाला, "आत्या, मधले दुवे मी जोडतो. अखंड कहाणी होईल." मी त्याला म्हटलं, दुवे नव्हतेच रे. माणूस एका दिवशी डबा घेऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. मधलं कोणी बघितलंय? तेव्हा माझी अट: अर्ज जोडू नयेत, त्यांचा क्रम लावू नये, एकही विशेषण घालू नये. पेटी धाकटीची. तिला जाळायचे असतील तर तिने अर्ज जाळावेत, पण आधी वाचावेत.

इथवर सोमवार.

मंगळवार. काल मला बसवेना. कपाटं आवरली, आवरलेली पुन्हा काढली. फोन चालू आहे का ते चारदा उचलून बघितलं. पाचव्यांदा तो आपणहून वाजला. दाढ दुखणारा माणूस होता, त्याला वरचे डॉक्टर हवे होते. मी त्याला लवंग धर म्हणून सांगितलं. पत्र पोचायला तीन दिवस, उत्तर यायला तीन दिवस, म्हणजे उत्तर कालच यायला हवं होतं. वकीलबाई म्हणतात, ज्यांना यायचं असतं ते उत्तर देत नाहीत, येतात. त्यांना असल्या गोष्टींचा अनुभव कसला?

कलम ४. दादा.

माझ्या थोरल्या भावाला मी बाबांचं लोखंडी कपाट ठेवते. आई गेल्यापासून तो ते मागतो आहे. किल्ली मात्र ठेवत नाही. ती शोधण्यात त्याने काही वर्षं घालवावीत.

बाबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. गावभर त्यांना मिस्त्री म्हणत. शेवटची सहा वर्षं ते माझ्याजवळ होते, याच घरात, आतल्या खोलीत. त्या सहा वर्षांत दादा महिन्यातून एकदा यायचा, फळांची पिशवी आणि सल्ला घेऊन. फळं निदान संपायची. बूट न काढता तो खाटेच्या कडेला बसायचा, बाबांना मोठ्या आवाजात 'काय म्हणताय' विचारायचा, आणि जाताना मला म्हणायचा, "तू आहेस म्हणून बरं." मी होते म्हणून त्याचं बरं होतं, हे खरंच आहे.

धाकटी त्या वेळी इथे नव्हती. तिने सव्विसाव्या वर्षी एका विधुराशी लग्न केलं, पदरी चार वर्षांची मुलगी असलेल्या. माणूस चित्रपटगृहात यंत्र चालवायचा. सरळ होता. पण बाबांनी दार लावलं आणि उघडलं नाही. धाकटी नवऱ्याच्या गावी गेली. सणवार नाही, पत्र नाही. माझ्या कचेरीत मात्र वर्षातून दोनदा फोन करायची.

बाबा गेले, त्या सकाळी दादा निधनवार्तेचा मजकूर घेऊन माझ्या टेबलापाशी आला. वार्ता छापली गेली. तिचा शेवट असा होता: 'त्यांच्या पश्चात एक मुलगा, एक मुलगी, सून, नातू असा परिवार आहे.'

तिसऱ्या दिवशी धाकटीचा फोन आला. तिला बाबा गेल्याचं कोणी कळवलं नव्हतं. तिने पेपरात वाचलं. ती रडत नव्हती. म्हणाली, ताई, मी त्यात नाही. मी म्हटलं, चाळीसच शब्द असतात गं, जागा नव्हती. पलीकडे पेपर वाजला. मग म्हणाली, "सहा रकाने रिकामे होते, ताई. मी शब्द मोजलेत."

तेव्हा मी म्हटलं, दादाने तसंच लिहून आणलं.

तिने फोन ठेवला. त्या दिवसापासून ती माझ्याशीही बोलली नाही आणि दादाशीही. म्हणून दादाला कपाट, किल्लीविना.

कलम ५. हत्यारं.

बाबांची हत्यारं, म्हणजे पेचकस, तेलाची चोचीची बुधली, सुयांच्या डब्या, तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंना. त्यांची मशीन बाबांनी दोनदा दुरुस्त केली होती आणि दोन्ही वेळा त्यांना 'पाय हलका ठेवा' म्हणून झापलं होतं. त्या अजूनही पाय हलका ठेवतात. माझी पोलादी पट्टी वकीलबाईंना. त्यांचे मसुदे लांब असतात. टेबलावरची सळई, जिच्यात छापायला गेलेले मूळ कागद आम्ही टोचून ठेवायचो, ती कोणाला देऊ नये. बोटात घुसते.

इथवर मंगळवार. उत्तर नाही.

बुधवार. सकाळी दोनदा जिना उतरले आणि चढले. गॅरेजवाल्या मिस्त्रीने विचारलं, कोणाची वाट बघताय का. मी म्हटलं, बघत असले तर ती काय तुझ्या गाडीतून येणार आहे? तो म्हणाला, "येईनात का, दुरुस्त करून देतो." मी वर आले.

कलम ६. अपुरा अर्ज.

दोनशे बारा म्हटलं, ते पूर्ण झालेले. दोनशे तेरावा होत नाही. त्या निधनवार्तेची आठवण. अकरा वेळा लिहिली, अकराही कागद पेटीत आहेत. प्रत्येक वेळी चाळिसाव्या रकान्यात वाक्य अर्धंच राहतं. ज्या बाईने एकतीस वर्षं परक्या माणसांची आयुष्यं बसवली, तिला स्वतःची एक सकाळ बसवता येत नाही. काल संध्याकाळी मी ते अकरा कागद शेजारी शेजारी मांडून बघितले. अकराही कागदांची सुरुवात 'दादाने' अशी आहे.

ते तसं नाही. म्हणून बसत नव्हतं. आता इथे लिहिते, इथे रकाने नाहीत.

आधी अर्ज क्रमांक १४० वाचावा. तो बाबांच्या शेवटच्या वर्षाचा आहे:

'बाबांना मी परकी वाटू लागले. म्हणाले, बाई, तुम्ही रोज येता, थकत नाही का? म्हटलं, मी तुमची मुलगी. ते हसले. छे, माझी मुलगी एकच. ती लांब असते.'

सहा वर्षं मी त्यांना न्हाऊ घातलं, भरवलं, त्यांच्या मागे मागे जिना उतरले. आणि ती एक, लांबची, तीच काय ती उरली. त्यांना कळत नव्हतं, हे मला कळत होतं. कळून काही उपयोग झाला नाही.

त्या सकाळी दादा कचेरीत आला तेव्हा त्याच्या पायात दोन वेगवेगळे बूट होते. डोळे सुजलेले. त्याने कागद पुढे केला. त्याच्या गिचमिड अक्षरात लिहिलेलं होतं: 'एक मुलगा, दोन मुली.' मी वाचलं. त्याला म्हटलं, जा तू, मी बघते. तो गेला. मी लाल पेन घेतलं, 'दोन मुली' खोडलं आणि वर 'एक मुलगी' लिहिलं. बाबा म्हणाले होते ना, एकच. मग ती एक मी. कागद खाली छपाईला पाठवला, परत आला तसा सळईला टोचला आणि पुढचा अर्ज घेतला. एका शिक्षकांचा होता.

महिन्याभराने दादाने मला विचारलं, "मी दोन लिहिलं होतं ना गं?" मी म्हटलं, तुझं अक्षर कोणाला लागतं? तो म्हणाला, "असेल तसं." त्याने धाकटीला दोनदा पत्र पाठवलं. दोन्ही न फोडता परत आली. तिसरं लिहू का, म्हणून मला विचारायला आला. मी सांगितलं, थांब, राग शांत होऊ दे. हे मी सांगितलं. तो माझं ऐकून थांबला तो अजून थांबलेला आहे.

मूळ कागद महिनाअखेरीला सळईवरून काढून मी घरी आणला. मधोमध भोक आहे. निळ्या शाईत दादाचं 'दोन', त्यावर माझी लाल रेघ. तो पेटीत, सगळ्यांच्या तळाशी आहे. धाकटीला मी खरं म्हणजे तोच ठेवते आहे. बाकीचे दोनशे बारा त्याच्यावर टाकलेलं पांघरूण आहे.

कलम ४ मधली शेवटची ओळ मी रद्द करते. कपाटाची किल्ली पिठाच्या डब्यामागच्या खिळ्यावर आहे. दादाने बूट न काढता बसणं, एवढी तक्रार तशीच राहील.

इथवर बुधवार. आता ती आली नाही तरी चालेल, असं वाटतंय. नाही, हे खरं नाही. खोडत नाही, राहू दे.

गुरुवार.

कलम ७. आज जे घडलं ते, आणि त्यामुळे केलेले बदल.

धाकटी चारला वीस कमी असताना आली. बरोबर तिची मुलगी, ती नवऱ्याची चार वर्षांची होती ती. आता दवाखान्यात मोठी परिचारिका आहे, आणि तिनेच हात धरून आईला वर आणलं. धाकटी सदुसष्ट वर्षांची झाली आहे. दारात टेकून धापा टाकत तिचं पहिलं वाक्य, "तिसरा मजला. तुला खाली कोणी घर दिलं नाही?" मी म्हटलं, विचारलं नाही कोणाला. तिच्या मुलीने मला मावशी म्हटलं. मी तिला याआधी एकदाच पाहिलं होतं.

वकीलबाई आणि डॉक्टर खुर्च्यांवर अवघडून बसले होते. मी पेटी धाकटीसमोर ठेवली. तिची लहानपणापासूनची खोड, कोणतीही वस्तू आधी उलटी करून बघायची. तिने पेटी टेबलावर पालथी केली. त्यामुळे तळाचा कागद वर आला.

तिने तो बराच वेळ वाचला. त्यात वाचण्यासारखे चौतीस शब्द आहेत.

"हे दादाचं अक्षर," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

"आणि लाल?"

"माझं."

खाली मिस्त्री पत्रा ठोकत होता. तो थांबावा असं मला वाटलं, मग थांबू नये असं वाटलं. धाकटीने कागद खाली ठेवला नाही.

"मग दादाशी मी एकोणीस वर्षं बोलले नाही, ते काय?"

आयुष्यभर दुसऱ्यांना शब्द सुचवणं हे माझं काम होतं. मी क्रमांक १४० शोधून तिच्यापुढे सरकवला. तिने तो वाचला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा सहा वर्षं तुझ्याकडे होते. मला पेपरातला एक शब्द मिळणार होता. तोही तू घेतलास."

डॉक्टर म्हणाले, मी जरा वर जाऊन येतो. वकीलबाईंनी त्यांना बसवलं.

मग धाकटीने मुलीला माझ्या वहीतून दादाचा नंबर लावायला सांगितला, फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. आतलं काही ऐकू आलं नाही. म्हणजे ती मोठ्याने बोलत होती, पण मिस्त्री ठोकत होता. बाहेर आली तेव्हा एवढंच म्हणाली, "दादाला ऐकू येत नाही फारसं. हे मला कोणी सांगायचं?"

मला गप्प राहवेना. मी तिला सांगितलं की माझ्या स्वतःच्या निधनवार्तेचा मजकूर मी तयार ठेवला आहे, त्यात 'धाकटी बहीण' असं स्पष्ट घातलं आहे, दादाच्याही आधी. मला वाटलं होतं, हे ऐकून तिला बरं वाटेल.

"म्हणजे माझं छापून यायला मी तू मरायची वाट बघत बसू?" ती म्हणाली. "आणि आधी मी गेले तर?"

मुलीला हसू आलं. तिने ते दाबलं. मला नाही दाबता आलं. धाकटी हसली नाही. तिने गठ्ठ्यातला एक कोरा अर्ज ओढला, माझ्यासमोर टाकला आणि म्हणाली, आत्ता लिही. दैनिकात पान दोनवर चूकदुरुस्तीचं सदर असतं, हे तिला माहीत होतं. एकोणीस वर्षं ती रोज ते बघत आली आहे, असं तिची मुलगी म्हणाली. मी मान वर केली नाही.

मी लिहिलं. पहिला खर्डा चाळीस शब्दांच्या आत बसला. मी शेवटी 'दिलगीर आहे' घातलं होतं. धाकटीने माझं लाल पेन घेऊन ते खोडलं. "ते आहेस की नाही, मी बघीन," ती म्हणाली. मजकूर असा ठरला:

'एकोणीस वर्षांपूर्वी या दैनिकात शिलाई मशीनवाल्या मिस्त्रींची निधनवार्ता आली. तीत एक मुलगी असे छापले होते. मुली दोन. धाकटीचा उल्लेख राहून गेला नव्हता, गाळला होता. भावाने लिहून आणला होता. सहा रकाने रिकामे होते. गाळणारी मी, मिस्त्रींची दुसरी मुलगी.'

हा मजकूर उद्या, शुक्रवारी सकाळी दहा वाजता, मी स्वतः कचेरीत जाऊन देणार आहे. तिथे आता कोण बसतं मला माहीत नाही. जो कोणी असेल त्याने एकही शब्द बदलला तर मी त्याच्या टेबलापाशी बसून राहीन. आज रात्री मला काही झालं तर वकीलबाईंनी तो द्यावा. तो छापून येईपर्यंत या मृत्युपत्रातली कोणतीही वस्तू कोणालाही देऊ नये.

आता सह्यांचं. दुसरा साक्षीदार म्हणून वकीलबाईंचे कारकून यायचे होते. त्यांची गाडी बंद पडली. धाकटी म्हणाली, "मी करते सही." वकीलबाईंनी तिला समजावलं की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, त्यातून पुढे वाद होतात. "घराचा निम्मा भाग तुमचा आहे, मावशी, विचार करा," असं त्या म्हणाल्या.

"मग काही नको मला," धाकटी म्हणाली. "घर नको, पेटी नको. हा एक कागद आज घेऊन जाते, दादाला दाखवायला."

मी हट्ट केला. ती म्हणाली, "ताई, तू पुन्हा ठरवू नकोस."

तेव्हा कलम १ आणि कलम ३ मध्ये 'धाकटी' असं जिथे आहे तिथे 'धाकटीची मुलगी' असं वाचावं. भाच्याशी तिने घराचं आणि आठवणींचं जमवून घ्यावं. दोघांनी अजून एकमेकांना पाहिलेलं नाही. मूळ कागद आजच हातात दिला, म्हणून तो या मृत्युपत्रात येत नाही.

सही करण्याआधी धाकटीने हे सगळे कागद पहिल्यापासून वाचले. साक्षीदाराने वाचावं लागत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. ती म्हणाली, मी वाचणार. एक तास लागला. मी या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. डॉक्टरांनी शेवटी मला दरडावून बसवलं. वाचून झाल्यावर धाकटीने पेन मागितलं आणि म्हणाली, "सही केली म्हणजे माफ केलं, असं कुठे लिहू नकोस. तू हे आपल्या हाताने लिहिलंस, ते मी पाहिलं. तेवढ्याची सही आहे."

तसं कुठेही लिहिलेलं नाही.

वरील मजकूर माझा आहे, प्रत्येक पानावर माझी आद्याक्षरं आहेत, खाडाखोड आहे ती माझी आहे, एक सोडून. ती सोबत जोडलेल्या खर्ड्यावर आहे, लाल आहे आणि ओळखू येते.

ठिकाण: माझ्या घरचं टेबल.
दिनांक: गुरुवार, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

मृत्युपत्र करणारी: (सही) कात्रीबाई

साक्षीदार पहिले: (सही) दातांचे डॉक्टर, वरचा मजला. वडिलांचे नाव: स्वतंत्र कागदावर दिले आहे.

साक्षीदार दुसऱ्या: (सही) धाकटी. वडिलांचे नाव: मृत्युपत्र करणारीचे जे, तेच.